चौदा तासांचा शब्द

वीस वर्षं मी विमानाची तिकिटं विकतोय. गिऱ्हाईक विचारतं, "किती तास लागतात हो?" आणि मी फक्त उडण्याचे तास सांगतो. घरून निघणं, तीन तास आधी पोचणं, मधल्या विमानतळावर ताटकळणं, हे आम्ही धरतच नाही. सगळं खरं सांगितलं तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. एकदा तिकीट हातात पडलं की मग बसा बोंबलत.

ताईचा फोन आला तेव्हाही मी दुकानातच होतो.

"आईचं काही खरं नाही रे. यायला किती वेळ लागेल तुला?"

"चौदा तास."

जित्याची खोड, दुसरं काय! टॅक्सीत बसल्यावर डोकं ठिकाणावर आलं. पहिलं विमान नऊ तासांचं, दुसरं पाचाचं, मध्ये सहा तास नुसतं बसणं. घर ते घर सव्वीस तासांच्या खाली हिशेब येईना. ताईला लगेच सांगायला हवं होतं. पण म्हटलं, तिथे कोण घड्याळ लावून बसलंय? मूर्ख मी, शुद्ध मूर्ख.

मधल्या विमानतळावर उतरून फोन चालू केला, तर ताईचे अकरा निरोप. लावला.

"आहेस कुठे? चौदा तास होऊन गेले!"

कुठे आहे ते सांगितलं. अजून बारा तास, हेही सांगितलं.

"अरे, तिने दुखण्याचं इंजेक्शन घेतलेलं नाही," ती म्हणाली. "डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, आता डोस मोठा लागेल, त्यानंतर बहुतेक जाग येणार नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की झोप लागेल. म्हणाली, चौदा तासांचाच तर प्रश्न आहे, काढते कळ. उशीचा कोपरा दातांत धरून काढलेत तिने."

"आत्ता द्यायला सांग."

"माझं ऐकत नाही. तूच बोल."

दिवसाला तिकडे एकच विमान जातं. काउंटरवरच्या बाईला विचारण्यात अर्थ नव्हता, तिच्यापेक्षा ते मलाच जास्त माहीत. समोरच्या बाकावर एक माणूस बुटांच्या नाड्या सोडून आरामात पेपर वाचत होता. त्याचा मला भयंकर राग आला.

ताईने फोन आईच्या कानाला लावला असावा, कारण आधी नुसता श्वास ऐकू आला.

"आलास का रे?"

"आलो गं. टॅक्सीत बसलोय. अर्ध्या तासात पोचतो."

"ड्रायव्हरला पळवायला लावू नकोस उगाच. मग घेऊ का ते इंजेक्शन? आता सोसवत नाही."

"घे."

"पण आलास की उठव हं मला. नाहीतर झोपलीये म्हणून तसाच बसून राहशील."

"उठवतो," मी म्हणालो.