दसऱ्याचा हार

तिसगावच्या दवाखान्यातलं ऑक्सिजन मशीन दसऱ्यापासून नुसतं बोंबलत होतं. कंपनीच्या माणसाने फोनवरच सांगून टाकलं, "मोटर गेली, नवीन घ्या."

न बघताच? बायोमेडिकल इंजिनिअर अलफियाचं डोकं फिरलं. ती भिंगारहून तडक आली, मशीनची पाठ उघडली आणि हसतच सुटली. पूजेच्या हारातल्या झेंडूच्या पाकळ्या हवा ओढायच्या जाळीत गच्च बसल्या होत्या. तिने जाळी धुतली, वाळवून बसवली. मशीन घुमायला लागलं. खाटेवरच्या बनुबाईंनी नळीतून पोटभर श्वास घेतला. "लई बरं वाटलं गं, पोरी."

सिस्टर ओशाळल्या. "मॅडम, आता पूजा बंद करायची का?"

"बंद कशाला? जोरात करा," अलफिया म्हणाली. "हार तेवढा माझ्या गळ्यात घाला!"