भारताच्या पाटीमागची खुर्ची

मी एक जुनी सागवानी पाटी आहे. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगात एकच शब्द आहे, ‘भारत’. मित्रांनो, मी दारावर किंवा दुकानावर लटकत नाही. मी टेबलावर उभी राहते. धुळ्याच्या एका महाविद्यालयात दरवर्षी शाळकरी मुलांची अभिरूप राष्ट्रसभा भरते. एकेक मूल एकेका देशाच्या वतीने बोलतं, वाद घालतं, शेवटी मत देतं. त्या सभेच्या सगळ्या पाट्या अमळनेरच्या आमच्या शाळेच्या. म्हणून भारताच्या खुर्चीचा मानही आमच्याच शाळेकडे असतो.

आम्हाला असलम मिस्त्रींनी घडवलं. शाळेचे जुने बाक मोडीत निघाले होते, त्यांचंच लाकूड. मिस्त्रींनी तेव्हाच्या मुख्याध्यापकांना विचारलं होतं, “सर, अमेरिकेची पाटी जरा मोठी करू का?” मुख्याध्यापक म्हणाले, “सगळ्या एका मापाच्या. तिथे एका देशाला एकच मत असतं, जसं आपल्याकडे एका माणसाला.” मिस्त्रींनी माप पाळलं. त्यामुळे बिचाऱ्या संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया बारीक अक्षरांत कशाबशा मावल्या आणि मी ऐसपैस बसले. पॉलिशचा मात्र त्यांनी मला एक हात जास्त दिला. ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

कामाची वर्षं चांगली गेली. टाळ्या पुष्कळ ऐकल्या. मग महामारीत सभा बंद पडली आणि आम्ही खेळाच्या खोलीत गोणीत पडून राहिलो. न्यूझीलंडचा कोपरा वाळवीने खाल्ला. शाळेच्या सेविका कुंदाबाईंनी आम्हाला बाहेर काढलं, रॉकेलच्या बोळ्याने पुसलं, उन्हात ठेवलं.

आता यंदाची गोष्ट सांगते. भूपेंद्र सर नागरिकशास्त्र शिकवतात. माणूस प्रेमळ, मुलांसाठी स्वतःचा रविवार देणारा. पाट्या वाटण्याची त्यांची एक पद्धत होती. मोहल्ल्यातली मुलं असली की त्यांच्या हाती सौदी, कतार, इराक यांपैकी एखादी पाटी यायची. शाहबाज इराक होऊन गेला, मोईज कतार. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. मुलांना ते देश जवळचे वाटतील, एवढंच त्यांनी धरलं होतं. मी दरवर्षी पाहत होते, पण पाटीला कोण विचारतं?

यंदा त्यांनी नाजमीनसमोर सौदी अरेबिया ठेवला. नाजमीन असलम मिस्त्रींची मोठी मुलगी, नववीत शिकणारी. तिने पाटीला हात लावला नाही.

“सर, सौदीत माझं कोणीच नाही. माझा मामा पाचोऱ्याला असतो.”

वर्ग हसला. सरही हसले. “अगं, तुला सोपं जाईल म्हणून दिलं.”

“मला भारत पाहिजे, सर.”

“भारत योगराजकडे आहे. तो वक्तृत्वात पहिला आलाय.”

“मी दुसरी आले होते. आणि कुठल्या देशासाठी कोण, हे तुम्ही एकदाही आम्हाला बोलायला लावून ठरवलं नाही.”

दारात फडकं घेऊन उभ्या असलेल्या कुंदाबाई त्यांच्या अहिराणीत म्हणाल्या, “बठ्ठ्या पाट्या मीच पुसस, सर. मले तर बठ्ठ्या सारख्याच शेतस.” म्हणजे त्यांना सगळ्या सारख्याच.

सरांनी सौदीची पाटी बाजूला ठेवली. मग त्यांनी दोघांनाही तिथल्या तिथे बोलायला लावलं. प्रश्न एकच: भारताने जगाशी कसं वागावं? योगराज जोरात बोलला. ताकद, सैन्य, दरारा. नाजमीन हळू बोलली, पण तिने संविधानाचा अनुच्छेद ५१ मांडला: शांतता, देशादेशांत न्यायाचे संबंध, कायद्याचा आदर, तंटे लवादाने मिटवणं. सरांनी मला उचलून तिच्यापुढे ठेवलं. योगराजने रागारागात बांगलादेश उचलला.

ही बातमी गावात पसरली. दोन-तीन पालक शाळेत येऊन कुरकुर करून गेले. सर नाजमीनला म्हणाले, “मी माझ्या निर्णयावर ठाम आहे. पण धुळ्यात नीट बोल, बाळा.”

एसटीत नाजमीनने मला मांडीवर घेतलं होतं. शेजारी बसलेल्या वर्गातल्या रूपालीला ती म्हणाली, “मी अडखळले ना, तर सर परत जुन्या पद्धतीवर येतील. पुढच्या वर्षी आमच्या आयतला कतारच.” आयत तिची धाकटी बहीण. पुढच्या बाकावरचा योगराज सगळं ऐकत होता. 

सभेत विषय होता समुद्राच्या हद्दीचा. नाजमीनने सुरुवात संविधानाच्या प्रास्ताविकेपासून केली. न्याय, स्वातंत्र्य, समानता, बंधुता. “जो देश घरात लहान-मोठा भेद करणार नाही असं लिहून देतो,” ती म्हणाली, “त्याला बाहेरही लहान देशाशी बरोबरीनेच बोलावं लागतं.”

दुसऱ्या शाळेचा एक मुलगा उठला. “हे सगळं प्रार्थनेत म्हणायला ठीक आहे. लवादाचा निकाल विरोधात गेला की मोठा देश तो केराच्या टोपलीत टाकतो. भारतही टाकेल.”

हशा पिकला. नाजमीनची बोटं माझ्या कडेवर घट्ट झाली. तिचा घाम मला लाकडात जाणवला. क्षणभर वाटलं, संपलं.

मग ती म्हणाली, “बंगालच्या उपसागराच्या हद्दीवरून भारत आणि बांगलादेशाचा जुना वाद होता. तो आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २०१४ साली निकाल लागला. वादातल्या पाण्याचा मोठा भाग बांगलादेशाला मिळाला. भारताने तो निकाल मानला. माझ्यावर विश्वास नसेल, तर बांगलादेशाचे प्रतिनिधी समोर बसलेत. त्यांना विचारा.”

सगळ्यांच्या माना योगराजकडे वळल्या. नुसतं गप्प बसला असता, तरी तिचा मुद्दा कोसळला असता. तो सावकाश उभा राहिला. आपली पाटी त्याने सरळ केली.

“बांगलादेश साक्ष देतो,” तो म्हणाला. “भारत आमच्यापेक्षा मोठा आहे. तरी त्याने निकाल पाळला.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत मी पुष्कळ टाळ्या ऐकल्या, पण त्या दिवशी शेजारच्या सगळ्या पाट्या टेबलांवर थरथरल्या. परतीच्या एसटीत योगराज मागे वळून म्हणाला, “पुढच्या वर्षी मला सौदी द्यायला सांग सरांना. बघू जमतं का.” नाजमीन म्हणाली, “जमेल. पण अक्षरं बारीक आहेत, चष्मा घेऊन ये.”

पुढच्या वर्षीपासून सर आधी सगळ्यांना बोलायला लावणार आहेत, मगच पाट्या वाटणार. आयतने आत्तापासून पाठांतर सुरू केलं आहे.

एक मागणं आहे. आम्हाला पुसून, कोरड्या जागी ठेवा. वाळवी फार लवकर लागते. आणि माझ्यामागे बसाल, तेव्हा ध्यानात ठेवा: माझी अक्षरं समोरच्यांना दिसतात, बसणाऱ्याकडे माझी कोरी बाजू असते. समोरचे ‘भारत’ वाचतात आणि मग तुमच्या तोंडाकडे बघतात.