तीन मुठी की चार

दसरा झाला आणि जुन्या जालन्यात घरोघरी चुन्याचे रांजण भिजू लागले. जगन्नाथरावांच्या घरीही पुंजाराम कुंचे घेऊन हजर झाला. तो मूळचा धावडा गावचा. दर वर्षी दिवाळीआधी महिनाभर जालन्यात येऊन भिंती रंगवायचा. त्यानं पांढऱ्या चुन्यात कुंचा बुडवला, तशा जगन्नाथरावांच्या पत्नी द्वारकाबाई म्हणाल्या, "ओसरीमागची खोली सोडून सगळं पांढरं कर. ती खोली मला पारवी पाहिजे."

"पारवी?" पुंजाराम थबकला. "लोक अस्मानी मागतात, बाई. पारव्याच्या अंगावानी रंग आजवर कुणी मागितला न्हाई."

"मी मागतेय ना."

त्यांची मुलगी रजनी चौदा वर्षांची. श्रावणात तिच्या डोळ्यांत खुपऱ्या झाल्या आणि ती घरी बसली. डोळे सारखे गळायचे, उजेड सोसायचा नाही. सरकारी कारभार उर्दूत, म्हणून शाळेत सगळं शिकणंही उर्दूतून. अक्षराच्या एका नुक्त्याच्या, म्हणजे टिंबाच्या, जागी तिला दोन दिसायचे आणि वाचता वाचता शब्दच बदलून जायचा. डॉक्टरीणबाई तिच्या पापण्या उलटवून त्यावर मोरचुदाचा खडा फिरवायच्या. पोर आईचा हात घट्ट धरायची, पण ओरडायची नाही. "हिला भगभगीत उजेडात बसवू नका," डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पण अंधारात कोंडूनही ठेवू नका." घरी आल्यावर द्वारकाबाईंनी पाहिलं, तर अंगणातलं ऊन दारातून थेट खोलीच्या पांढऱ्या भिंतीवर पडत होतं आणि रजनी पदराआड तोंड लपवून बसली होती. फाल्गुनात परीक्षा होती. ती भिंत पांढरी राहणार नाही, एवढं त्यांनी तिथंच ठरवून टाकलं.

पुंजारामानं चुन्यात नीळ कालवली आणि वाटलेल्या कोळशाची पूड घातली. एका बादलीत तीन मुठी, दुसरीत चार. भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले. ओले असताना दोन्ही काळपट दिसले, वाळल्यावर दोन्ही उजळले.

"दोन्ही एकच की," जगन्नाथराव कचेरीतून येऊन बघत म्हणाले.

"बिलकुल एकच," पुंजारामानं मान डोलावली.

द्वारकाबाईंना मात्र ते एक वाटेनात. त्यांनी सकाळी पाहिलं, भर दुपारी पाहिलं, उन्हं कलल्यावर पाहिलं. तीन मुठींच्या पट्ट्यात निळी झाक जास्त होती आणि दुपारी तो जरा चमकायचा. चार मुठींचा शांत राहायचा. "हाच," त्या म्हणाल्या. रजनीला विचारायचं त्यांच्या मनातही आलं नाही. दोन दिवसांत चारही भिंती त्या रंगाच्या झाल्या; कपाट लावायच्या जागेवरचे ते दोन पट्टे तेवढे तसेच राहिले.

हे ऐकून शेजारच्या घरातून काकासाहेब आले. ते जगन्नाथरावांचे थोरले भाऊ. घरातला शब्द त्यांचाच चालायचा. "ही काय कोठडी केलीत?" ते ओसरीवरूनच कडाडले. "भाऊबीजेनंतर अंबडचे पाहुणे मुलीला बघायला येणार आहेत. पांढऱ्या खोलीत, चांगल्या उजेडात बसवायची तिला. आणि डोळ्यांचा विषय कुणी काढायचा नाही."

 द्वारकाबाई दाराआड उभ्या होत्या. थोरल्या दिरांसमोर त्या सतरा वर्षांत बोलल्या नव्हत्या. त्या दिवशीही बोलल्या नाहीत.

खोली पुरती वाळली तशी रजनी पुस्तक घेऊन आत बसली. "कसं वाटतं गं?" आईनं विचारलं.

"छान वाटतं."

द्वारकाबाईंचा जीव भांड्यात पडला. पण दुपारभर शेंगा सोलता सोलता त्या मुलीकडे बघत होत्या. रजनी पानं उलटत होती. ओठ मात्र हलत नव्हते. एरवी ती पुटपुटल्याशिवाय एक ओळ वाचायची नाही. द्वारकाबाई सूप बाजूला सारून उठल्या.

"खरं सांग. वाचतेयस का?"

रजनीनं पुस्तक मिटलं. "भिंत बरी वाटते. पण खोलीत अंधार पडलाय, आई. मांडीवरचं पानच तेवढं पांढरं दिसतं आणि तेच डोळ्यांत टोचतं." मग घाईनं म्हणाली, "होईल सवय. तू एवढा हट्ट धरून करवून घेतलंस."

द्वारकाबाईंना डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं. त्यातलं अर्धंच त्यांनी मनावर घेतलं होतं. त्यांनी कपाट सरकवून त्यामागची भिंत मोकळी केली. तिथं ते दोन पट्टे अजून तसेच होते. रजनीला आधी एकासमोर बसवलं, मग दुसऱ्यासमोर. तीन मुठींच्या पट्ट्यासमोर पोरगी पुटपुटू लागली. एक ओळ, दोन ओळी, अख्खं पान.

"चूक माझी झाली," द्वारकाबाई म्हणाल्या. "उद्या पुन्हा रंगवू."

दुसऱ्या दिवशी पुंजाराम वैतागला. "बाई, दोन्ही रंग सारखेच. माझी अजून तीन घरं राह्यली. लोक रोज बोलावून राह्यले. मी न्हाई करत आता."

"मग कुंचा ठेवून जा."

"कुंचा? तुम्ही करणार?"

"मी करणार. तीन मुठी म्हणजे तुझ्या मुठी की माझ्या, तेवढं सांग."

 पुंजारामानं आपल्या हातानं तीन-तीन मुठी पूड मोजून पुड्या बांधल्या, कुंचा टेकवला आणि म्हणाला, "दर बादलीला एक. नीळ बराबर कालवा, न्हाई तर भिंतीवर रेघा पडतील." आणि जल्दीनं निघून गेला.

शुक्रवार होता, कचेरीला सुटी. जगन्नाथराव पान जमवत बसले होते. आतून शिडी सरकल्याचा आवाज आला म्हणून ते बघायला गेले. पदर खोचून बायको शिडीच्या चौथ्या पायरीवर उभी. कोपरापर्यंत हात निळे.

"अहो, लोक काय म्हणतील?"

"बादली वर द्या आधी. चुना खाली बसतोय."

त्यांनी पान खाली ठेवलं, धोतर खोचलं आणि बादली ढवळायला घेतली. चुन्यानं द्वारकाबाईंची बोटं फुटली, मान धरली. दोन भिंती त्या दिवशी झाल्या, उरलेल्या दोन जगन्नाथरावांनी शनिवारी कचेरीतून आल्यावर स्वतः केल्या. कोपऱ्यात रेघा पडल्या त्या पडल्याच.

काकासाहेब पुन्हा आले तेव्हा खोलीत रजनी मोठ्यानं वाचत होती. "अजून पांढरी केली नाहीत?" त्यांनी भावाला विचारलं. उत्तर द्वारकाबाईंनी दिलं. पदर डोक्यावर होता, पण त्या दाराआड नव्हत्या.

"अंबडला कळवा, भाऊजी, यंदा येऊ नका म्हणून. फाल्गुनात तिची परीक्षा आहे. आणि पुढं कधी कुणी आलं, तर डोळ्यांचं मी आधी सांगणार."

काकासाहेबांनी भावाकडे पाहिलं. जगन्नाथरावांच्या नखांतला निळा रंग अजून गेला नव्हता. "ती म्हणते तसंच करू," ते म्हणाले. काकासाहेब चहा न घेता उठले आणि पौषापर्यंत त्यांनी या घरात पाऊल टाकलं नाही.

खुपऱ्या काही लगेच बऱ्या झाल्या नाहीत. मोरचुदाचा खडा हिवाळाभर फिरत राहिला. पण रोज दुपारी, बाहेर ऊन कडकडीत असताना, रजनी दीड-दोन तास वाचू लागली. नुक्ता एकाचा एक दिसू लागला. फाल्गुनात तिनं परीक्षा दिली आणि ती पास झाली. हिसाबात जेमतेम, उर्दूत वर्गात दुसरी.

निकाल घेऊन जगन्नाथराव घरी आले तेव्हा द्वारकाबाई ज्वारी निवडत होत्या. त्यांनी कागद हातात घेतला, उर्दू वाचता येत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत पाहिला.

"जालन्यात मुलींना पुढचा वर्ग नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. औरंगाबादेला आहे."

"मग औरंगाबादेत तिची राहायची सोय कुठं होईल ते बघा," द्वारकाबाई म्हणाल्या. "आणि खोलीच्या भिंती कोणत्या रंगाच्या आहेत, तेही विचारून ठेवा."