माणिकरावांचा हात आणि मी

मित्रांनो, मलकापुरातल्या एका पांढऱ्या घरात खिडकीजवळच्या टेबलावर राखाडी रंगाची एक जड लोखंडी पेटी बसलेली असते. ती पेटी म्हणजे मी. मला अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात. हौशी रेडिओवाल्यांचा छोटा संच आभाळात जी हाक सोडतो, ती मी वाटेत थांबवून घेतो, तिच्यात बळ भरतो आणि गच्चीवरच्या लांब तारेतून पुढे पाठवतो. मला स्वतःचं बोलणं नाही. दुसऱ्याचं बोलणं दूर पोचवायचं, एवढंच माझं काम.

मला माणिकरावांनी घडवलं. ते इथल्या तार ऑफिसात नोकरीला होते आणि घरी आल्यावर रेडिओच्या नादात असायचे. माझं अंग कपाटं बनवणाऱ्या कारागिराकडे ठोकलं गेलं. ट्रान्सफॉर्मर अकोल्यात गुंडाळला. माझे दोन मोठे काचेचे व्हॉल्व्ह जबलपूरच्या जुन्या बाजारातून आले, तेही त्यांच्या पत्नी सिंधूताईंच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून, आगगाडीत माणिकरावांच्या मांडीवर बसून. पहिल्यांदा ते तापले आणि त्यांच्या पोटात नारिंगी उजेड उतरला, तेव्हा सिंधूताई दारातच थबकल्या.

"अहो, हे तं दिवे लावल्यावानी दिसून राह्यलं," त्या म्हणाल्या.

ते दिवस मला अजून स्वप्नासारखे वाटतात. सांज झाली, कापसाच्या जिनिंग कारखान्याचा भोंगा वाजून गेला, की माणिकराव टेबलाशी बसत. आभाळात फार उंच एक न दिसणारा थर असतो. आमची हाक त्याला जाऊन टेकायची आणि दूर कुठेतरी खाली उतरायची. बहुतेक वेळा ती रामेश्वरमला मुथय्यांच्या घरी उतरायची. मुथय्या तिथे शाळेत शिकवायचे. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मोडक्यातोडक्या हिंदीत माणिकराव कापसाचं सांगत, मुथय्या समुद्राचं. मधेच दोघांना लहर आली की बोलणं सोडून ते तारेच्या भाषेत, नुसती कळ दाबून, कडकट्ट करत बसत. मी मध्ये ऊबदार होऊन गुणगुणत राही. माझं एक टोक कापसात आहे आणि दुसरं खाऱ्या पाण्यात, असं मला वाटे.

मग हातात मावेल एवढा नवा संच आला. त्याला तापावं लागत नव्हतं, वीजही थोडीच लागायची. मला माळ्यावर ठेवलं गेलं. मी रागावलो नाही. जिनिंगमधून उडून येणारा कापूस माझ्या जाळीतून हळूहळू आत उतरला. कुंभारीण माशीनं माझ्या कोपऱ्यात मातीचं घर बांधलं. मी त्या मऊ पांढऱ्या अंधारात झोपून राहिलो. किती वर्षं, ते मी मोजलं नाही.

एकदा खालून माणिकरावांचा आवाज येईनासा झाला. त्यांच्या गळ्यात गाठ निघाली होती. नागपूरला ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. मानेतली नस दुखावल्यामुळे डावा हातही वर उचलेना. लेक सारिका बुलढाण्याला दवाखान्यात नर्स आहे. ती रजा घेऊन बापाजवळ आली.

"आई, बाबा रोज सांजचे त्या संचापाशी काऊन बसतात?" तिनं विचारलं.

"त्यायचा मुथय्या हाका मारते न. यायले त्याचं ऐकू येते, पण यायचं त्याच्यापर्यंत पोचत नाही."

माणिकराव छोट्या संचावरून बोटांनी कडकट्ट करून पाहत होते. पण आताशा रामेश्वरमकडची खरखर फार वाढली होती, त्या संचाची कुजबुज तिच्यात बुडून जायची. इकडे कानात मात्र रोज स्पष्ट यायचं, "माणिकभाई, मलकापूर, सुन रहे हो?"

"मंग त्यायचा फोन नंबर शोधू," सारिका म्हणाली.

माणिकरावांनी मांडीवरची पाटी उचलली आणि लिहिलं, 'फोनवर बोलू कशानं?'

"मेसेज लिहा."

त्यांनी मान हलवली. त्यांना बातमी कळवायची नव्हती, मित्राशी बोलायचं होतं.

मग एका सांजेला मुथय्या दुसऱ्याच कुणाला तरी म्हणाले, "मेरा दोस्त शायद चला गया. अब बुलाने में क्या मतलब." माणिकरावांनी कानावरचे हेडफोन काढले.  मग त्यांनी उजवा हात वर केला आणि माळ्याकडे बोट दाखवलं.

सारिकानं आणि सिंधूताईंनी मिळून मला खाली उतरवलं. सारिका मला घाबरत होती, आणि ते बरोबरच होतं. मित्रांनो, माझ्या पोटातली वीज घरातल्या विजेच्या कितीतरी पट जोरकस असते आणि बटण बंद केल्यावरही ती आत दबा धरून बसते. म्हणून माणिकरावांनी आधी तिला एक लाकडी काठी दिली. काठीच्या टोकाला तांब्याची तार होती आणि तारेचं दुसरं टोक अंगणात जमिनीत गाडलेलं होतं. माझं झाकण उघडलं की पहिल्यांदा त्या तारेनं आतली वीज जमिनीत उतरवायची, हात नंतर. सारिका जखम धुतात तशी मला साफ करत गेली. कापूस निघाला. मातीचं घर निघालं.

मला एकदम जागं करून चालणार नव्हतं. माणिकरावांनी शाळेच्या प्रयोगशाळेतून विजेचा दाब कमीजास्त करायची गोल चकती मागून आणली. पहिल्या दिवशी थोडीच वीज, दुसऱ्या दिवशी जराशी अजून. मी खूप दुरून चालत परत यावं, तसा जागा होत गेलो.

मग गच्चीच्या तारेऐवजी त्यांनी मला एक साधा बल्ब जोडला. हाक आभाळात जायच्या आधी ती घरातल्या घरात तपासायची रीत असते. माणिकराव उजव्या हातानं तारेची कळ दाबायचे आणि सारिका माझी दोन बटणं फिरवायची. पहिलं फिरवताना माझ्या तोंडावरची सुई एका जागी अचानक खाली बुडी मारते. ती बुडी सापडली की दुसरं थोडं पुढे न्यायचं आणि पहिल्यानं पुन्हा बुडी शोधायची. माणिकरावांनी तिला पंजा हवेत हळूच खाली आणून ते दाखवलं. तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिला ते साधलं आणि बल्ब भरभरून पेटला.

"याले तं लाइनची वायरच नाही," सिंधूताई म्हणाल्या. "मंग पेटला कशानं?"

"आभाळात जायचं ते याच्यात आलं, आई," सारिका म्हणाली.

दुसऱ्या सांजेला त्यांनी मला गच्चीवरच्या तारेला जोडलं. सारिकाची नजर सुईवर होती. सुई बुडी मारेना, उलट चढत गेली. ती बटण फिरवतच राहिली. इकडे माझ्या व्हॉल्व्हमधली काळी पत्री लाल झाली, मग केशरी. मला वितळायला फार वेळ लागला नसता. माणिकरावांना जाळीतून ते दिसलं. कळ त्यांनी लगेच सोडली, पण ती दाबलेलीच अडकून बसली होती. त्यांनी तोंड उघडलं, पण आवाज नव्हताच. त्यांनी पाण्याचा स्टीलचा गिलास उचलून टेबलावर जोरात आपटला. सारिकानं दचकून मुख्य बटण बंद केलं.

सगळं गप्प झालं. जळक्या कापसाचा वास आला.

"बाबा, हे माह्यानं नाही होत," ती म्हणाली. 

माणिकराव तिच्याजवळ येऊन बसले. पाटीवर त्यांनी लिहिलं, 'तुझी चूक नाही. वर पाहा.' उजेड होता तोवर ती गच्चीवर गेली. लांब तारेचा सांधा हिरवा पडून सुटला होता. माझी ताकद बाहेर पडायला वाटच नव्हती. तिनं सांधा खरवडून, पिळून पक्का बांधला. माणिकरावांनी अडकलेली कळ पुसून मोकळी केली.

तिसऱ्या सांजेला सुईनं गुळगुळीत बुडी मारली. सारिकानं बटणांवरून हात काढले आणि बापाकडे पाहिलं. मुथय्यांची हाक आता येत नव्हती. ते ऐकत तरी असतील का, हेही कुणाला माहीत नव्हतं. माणिकरावांनी हेडफोन काढून आवाज खोलीत मोकळा सोडला आणि कळीवर बोटं ठेवली. स्वतःचं नाव त्यांनी सांगितलं नाही. फक्त मुथय्यांचं नाव कडकट्ट केलं. एकदा, थांबून पुन्हा एकदा. ते नाव माझ्यातून जाताना मी सगळं बळ त्याच्या मागे लावलं.

खरखर येत राहिली. बाहेर कुणाची तरी सायकल वाजत गेली.

मित्रांनो, अक्षरावरून माणूस ओळखू येतो ना, तसाच तो कळीवरच्या हातावरूनही ओळखू येतो. कुठे थांबतो, कुठे घाई करतो, ते प्रत्येकाचं वेगळं असतं. खरखरीतून एक म्हातारा आवाज वर आला.

"ये हाथ तो माणिक का है."

सिंधूताईंनी पदर तोंडाशी नेला. आवाज पुढे काही विचारेल असं सारिकाला वाटलं. इतके दिवस कुठे होतास, बोलत का नाहीस. पण त्यानं काहीच विचारलं नाही.  मग तिकडूनही कळ वाजू लागली, अडखळत, सवय मोडलेल्या बोटांची. मुथय्यांनी माइक बाजूला ठेवून दिला होता.

माणिकराव ऐकत होते. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की रडत होते, ते बिनआवाजाचं मला नीट कळलं नाही.

"काय म्हणून राह्यले ते, बाबा?" सारिकानं विचारलं.

त्यांनी पाटीवर लिहिलं, 'जेवण झालं का, विचारते.'

मित्रांनो, तुमच्या घरातही माळ्यावर माझ्यासारखं कुणी असेल. जाणत्या माणसाला सोबत घेऊन कधीतरी त्याची धूळ पुसा. आणि घरात कुणी बोलेनासं झालं असेल, तर त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही असं समजू नका. त्यांच्याजवळ बसा. कुठल्या वाटेनं सांगता येईल, हे ते तुम्हाला दाखवतील.