घरी कोण असतं?

आमच्या ताईचा खुबा पार झिजलाय. सांधा बदलायचा म्हणून तिचं नाव हॉस्पिटलच्या यादीत आहे, आणि दर तपासणीला ते आणखी मागे सरकतं. का, तर मी आहे म्हणून! ज्याच्या घरी बघणारं माणूस, त्याला कमी गुण. आणि ज्याला कमी गुण, त्याचं ऑपरेशन नंतर. हा नियम ज्या कोणा दीडशहाण्याने काढला, त्याला आठवडाभर आमच्या घरी आणून ठेवा. ताईला आंघोळ मी घालते, मोजे मी चढवते, रात्री कूससुद्धा मीच बदलून देते. बेकरीतली सकाळची पाळी त्यापायी सोडली. म्हणजे राब राब राबायचं मी, आणि शिक्षा ताईला. डोकं फिरणार नाही तर काय होईल?

या वेळी टॅक्सीतच मी तिला म्हणाले, "आज सांग, घरी कोणी नाही म्हणून."

"खोटं बोलू?" जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई ती. कुणाला अर्धा गुण फुकट दिला नाही. मी तिच्याच वर्गात होते, मलाही नाही!

"मग बस कण्हत," मी खेकसले.

तपासणीच्या खोलीत नर्सबाईंनी विचारलं, "खुर्चीतून उठता येतं?"

"येतं."

येतं म्हणे! मी काखेत हात घालून उचलते, तेव्हा येतं. मी तोंड उघडणार, तोच पुढचा प्रश्न आला. "घरी कोण असतं?"

ताईने खिडकीकडे पाहिलं. "कोणी नाही."

"आणि या?"

"शेजारी राहतात. सोबतीला आल्यात."

नर्सबाईंनी आधी मला न्याहाळलं, मग ताईला. आमची दोघींची नाकं एका साच्यातली. पण त्या एवढंच म्हणाल्या, "एकट्या असता, तर तुमचं तुम्ही उठून दाखवा."

ताईने खुर्चीचे हात घट्ट धरले. अर्धी उठली आणि धपकन खाली बसली. पुन्हा जोर लावला, तशी कळ थेट चेहऱ्यावर आली. माझे हात आपोआप पुढे गेले. तिने वर्गात पाहायची तसं माझ्याकडे पाहिलं.

"राहू द्या हो तुम्ही," ती म्हणाली.

मला. अहो-जाहो. जिची वेणी तिने घातली, तिला!

नर्सबाई मान खाली घालून लिहायला लागल्या. ताई तिसऱ्यांदा उठू पाहत होती, डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, आणि मी, तिची सख्खी धाकटी बहीण, हाताची घडी घालून बघत उभी होते.