तंबाखूच्या पाकिटातली देवी

परंड्यात मला कुणी भांडखोर म्हणलं तर म्या मान्य करते. पर माझ्या देवाच्या आडवं आलं, की हे तोंड कुणाच्या बापाला आवरत न्हाय.

घट बसायच्या आदल्या दिवशी सून निकिता देव्हारा पुसत होती. देवीची तसबीर उचलली अन् मागचा पुठ्ठाच निसटला. आतनं निघाला पत्त्याएवढा जाड कागद. पुढं आमची देवी, डोक्याला मुकुट, हातात भाला. मागं सगळं इंग्रजी. निकितानं वाचलं, मोबाइलवर बघितलं अन् हळूच म्हणाली, "आई, ही अमेरिकेतली नाटकवाली हाय. तंबाखूची जाहिरात. सव्वाशे-दीडशे वर्षांमागं सिगारेटच्या पाकिटात असली चित्रं टाकायचे. लोकांनी एकेक करून सगळी जमवावीत म्हणून."

नेमके थोरल्या घरचे चुलत दीर, रणधीर भाऊजी, चहा पीत बसलेले. खो खो हसले. "वहिनी, सिगारेटवाली पुजली की तुम्ही! आता गुमान आमच्याकडं या घटाला. देवाचे खरे चांदीचे टाक तिथं हायत."

वाटणीत देव थोरल्याकडं जातात, हा रिवाज. सासूबाई वेगळ्या निघाल्या तवा त्यांच्या पदरात एक टाक पडला न्हाय. आजेसासऱ्यांना कुर्डुवाडीला रेल्वेच्या कामावर कुणा साहेबानं दिलेलं हे चित्र तेवढं पेटीत होतं. मुकुट दिसला, भाला दिसला. सासूबाईंनी देवी म्हणून कुंकू लावलं अन् स्वतःच्या घरात घट बसवला. अन् आता म्या भाऊजींच्या घरी पाहुणीवानी कोपऱ्यात बसायचं? मेले तरी न्हाय!

"भाऊजी," म्हणलं, "तुमचा टाक सोनारानं ठोकला तवा काय होता? चांदीचा पत्रा. पुजला म्हणून देव झाला. हिच्यापुढं आमी सासू-सुनांनी जल्मभर उपास धरलेत."

"अवो, पर नाटकवाली..."

"असंना का! तिकडं बिचारीला पाकिटासंगं फुकट वाटली. इथं तिला पाट मिळाला. ही न्हाय हलायची, अन् म्याबी न्हाय."

भाऊजी कप ठेवून चालते झाले. निकिता तसबीर लावता लावता थांबली. "आई, खाली बाईचं नाव छापलंय. सांगू?"

"सांग की! लाजती कशाला?"

जिभेला लवकर वळंना, तरी घोकलं. दुसऱ्या दिवशी घट बसवला. तुळजाभवानीचं नाव घेतलं, येडेश्वरीचं घेतलं अन् शेवटी मोठ्यानं त्या नाटकवालीचंबी घेतलं. माझ्या पाठोपाठ ते नाव पहिल्यांदा कुणी म्हणलं असंल, तर रणधीर भाऊजींच्या बायकोनं. स्वतःच्या घरचे चांदीचे टाक सोडून आमच्या घटाला आली होती.