वाळल्यावर बघा

सलूनमध्ये तिला सगळे शॅम्पू म्हणत. तीन वर्षं ती फक्त गिऱ्हाइकांची डोकी धूत होती, मग दुसरं काय म्हणणार? कात्रीला हात लावायचा तर आधी प्रमाणपत्र आण, असा मालकीणबाईंचा हुकूम होता. पास झालीस तर खिडकीजवळची खुर्ची तुझी, नाहीतर बाहेरून कुणाला तरी आणीन आणि तू आहेस नि बेसिन आहे, असं त्यांनी तोंडावर सांगून टाकलं होतं.

परीक्षेला जिचे केस कापायचे तिला आपणच घेऊन जायचं असतं. शॅम्पूने आत्याला न्यायचं ठरवलं, तेव्हा मालकीणबाईंनी कपाळावर हात मारला.

"सरळ केसांची एक मैत्रीण नाही तुला? तो कुरळा गुंता कशाला घेतेस? हाताने पायावर धोंडा पाडून घेतेयस!"

आत्या कपडे शिवायची. केस कुरळे, जीभ तिखट. दोन वर्षांपूर्वी शॅम्पूने घरी तिच्या पुढच्या बटा कापल्या होत्या: ओल्या करून, विंचरून, ताणून, भुवयांच्या बरोबर रेषेत. काम फक्कड झालं होतं. तासाभराने केस वाळले आणि त्या बटा टुणकन वर चढून अर्ध्या कपाळावर छज्जा होऊन बसल्या.

"कापड आटतं की नाही ते न बघताच बेतलंस?" आत्या आरशात बघत म्हणाली होती. "माझ्याकडे कामाला असतीस तर आजच घरी पाठवली असती."

बोलणं झोंबलं, पण खरं होतं. त्या दिवसापासून शॅम्पू धुतलेल्या डोक्यांकडे वेगळ्या नजरेने बघू लागली. ओली असताना सगळी डोकी एकसारखी गरीब दिसतात. वाळायला लागली की एकेक डोकं आपले रंग दाखवतं. कात्री चालवणाऱ्यांना हे बघायला सवड नव्हती. बेसिनपाशी उभ्या राहणाऱ्या शॅम्पूला होती.

मग एका रविवारी तिने आत्याला केस धुवायला लावले, तेल नाही, क्रीम नाही, काही लावू दिलं नाही, आणि वाळेपर्यंत बसवून ठेवलं. नंतर ठिकठिकाणची एकेक बट ताणून मोजली, सोडून मोजली. टाळूवर नुसत्या लाटा होत्या, ताणल्या तरी बोटभरच वाढायच्या. उजवीकडे बोट जाईल एवढी वेटोळी. आणि डावीकडे बॉलपेनातल्या स्प्रिंगसारखं घट्ट प्रकरण, ताणलं तर वीतभर, सोडलं तर निम्मं. एकाच डोक्यावर तीन भावंडं नांदत होती आणि तिघांचे स्वभाव तीन.

तिने आत्याचा ब्रश फेकून दिला. विंचरायचं ते केस ओले असताना, कंडिशनर लावून, मोठ्या दातांच्या कंगव्याने, टोकाकडून वर. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती कपड्याने नुसतं दाबायचं. "एवढे लाड माझ्या आईनेही केले नव्हते," आत्या कुरकुरली. पण तीन महिन्यांत डोक्यावरचा पिंजारलेला फुगारा बसला आणि वेटोळी सुटी दिसू लागली. मग आत्या शेजारणींना स्वतःच धडे द्यायला लागली.

परीक्षेच्या हॉलमध्ये सहा खुर्च्या, सहा आरसे होते. पाच ठिकाणी पाण्याचे फवारे सुरू झाले. शॅम्पूने कोरड्या केसांतच कात्री घातली, तेव्हा परीक्षक तिच्यामागे येऊन थांबले.

"केस ओले केले नाहीत?"

"नाही सर. कुरळे आहेत, कोरडेच कापते."

"नियम वाचलेत?"

"चार वेळा. दोन्ही बाजू सारख्या हव्यात एवढंच लिहिलंय."

"ठीक आहे. पण मी तपासतो ओलेच," ते म्हणाले आणि पुढे गेले.

ओले ताणले तर दोन्ही बाजू सारख्या दिसणार नाहीत, हे शॅम्पूला ठाऊक होतं. तरी तिने रीत बदलली नाही. एकेक वेटोळं हातात घेऊन, ते सुटल्यावर कुठे येऊन बसतं ते बघत तिने काम पुरं केलं.

परीक्षकांनी फवारा मारला, केस विंचरून सरळ ताणले. डावी बाजू उजवीपेक्षा दोन बोटं लांब. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं.

परीक्षक काही दुष्ट नव्हते. त्यांनी आवाज खाली आणला. "डावीकडचे दोन बोटं काढा. दोन गुण कापतो आणि पास करतो."

खिडकीजवळची खुर्ची दोन बोटांवर आली होती. शॅम्पूने कात्री टेबलावर ठेवली.

"नाही सर. आत्ता कापले तर उद्या हिची डावी बाजू कानाच्या वर जाईल. वाळल्यावर बघा."

"किती वेळ?"

"पाऊण तास."

"आणि तेव्हाही सारख्या नसल्या तर?"

"शून्य द्या."

जन्मात पहिल्यांदाच आत्या गप्प बसली होती. बाकीचे पाचजण आवरून निघून गेले. परीक्षक चहा पिऊन आले. शॅम्पूने केसांतलं पाणी कपड्याने दाबून काढलं, जराशी क्रीम लावली आणि हात मागे बांधून उभी राहिली. आता त्या केसांना कुणी हात लावायचा नव्हता, तिनेसुद्धा.

"अगं, नक्की ना?" आत्या कुजबुजली.

"टेपने मोजलंय आत्या. तुझ्याच टेपने."

टाळू आधी वाळली. मग उजवी बाजू. डावी आपल्या सवडीने वर सरकत राहिली, बोटभर, मग आणखी थोडी, आणि थांबली.

परीक्षकांनी कंगवा आडवा धरून दोन्ही टोकांना लावला. मागे जाऊन पुन्हा लावला. मग कागदावर गुण लिहिले, सही केली आणि तो शॅम्पूच्या हातात दिला. पास. तिने तो शब्द दोनदा वाचला.

परीक्षक मात्र कंगवा हातात घेऊन तसेच उभे होते. "वीस वर्षं ओलेच तपासतोय मी," ते म्हणाले. "असं काम करणाऱ्या किती मुली नापास केल्या असतील?"

शॅम्पू कागदाची घडी घालू लागली. पण आत्याची जीभ आता मोकळी झाली होती.

"केस माझे, परीक्षा हिची, आणि शिकलात मात्र तुम्ही!"

शॅम्पूने डोळे मिटून घेतले. परीक्षक रागावले नाहीत. ते दारापाशी गेले, तिथे पुढच्या परीक्षेची सूचना लावली होती. खिशातून पेन काढून त्यांनी तिच्याखाली लिहिलं, 'कुरळ्या केसांसाठी पाऊण तास जास्त मिळेल.'